बाईंकडे ठेवलेली काळजी

कुरखेड्याला आम्ही ज्या घरात भाड्यानं राहत होतो, तिथल्या घरमालकीण बाई रोज सकाळी सात ते साडेसात काळजी करत असत.

हे मी गमतीनं सांगत नाही. राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात, नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारायला मी ओट्यावर गेले. बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. पायरीवर काळा चहा निवत होता. नजर रस्त्यावर, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक करत सरकत होता. मला वाटलं, जप चाललाय.

"थांबा मॅडम," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मी काळजी करून राह्यली. साडेसातले या."

मी साडेसातला गेले. पाण्याची वेळ, बाजाराचा वार, कोणत्या गल्लीतलं कुत्रं चावतं, सगळं त्यांनी नीट सांगितलं. जप कसला करता असं विचारल्यावर त्या हसल्या. "जप नाई वो. एका पेरावर एक माणूस ठेवला आहे. कोणी सुटू नये म्हणून."

बाई म्हणजे निवृत्त नर्स. सगळी नोकरी धानोऱ्याकडच्या जंगलातल्या उपकेंद्रांत गेलेली. गावात त्यांना नावानं कोणी ओळखत नसे, नुसतं 'बाई'. एकट्याच राहत. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, एक लोखंडी पलंग, आणि भिंतीला टेकवलेली जुनी छत्री. मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका, म्हणून मला मॅडम म्हणायच्या. धास्तावल्या की मात्र 'पोरी' म्हणायच्या, आणि मग समजायचं की प्रकरण गंभीर आहे.

गल्लीतले लोक त्यांच्याकडे काळज्या घेऊन यायचे. कुणाचा मुलगा भरतीच्या परीक्षेला गडचिरोलीला गेलेला, कुणाच्या वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन. "बाई, तेवढं ध्यानात ठेवा जी," असं म्हणून माणूस मोकळा व्हायला बघायचा. पण बाई मोकळं होऊ देत नसत. कोणता डोळा? डावा की उजवा? साखर आहे का? सोबत कोण जाऊन राह्यलं? त्या सोबतच्या माणसाले नीट दिसते का? उत्तर नसलं तर त्या माणसाला परत घरी पाठवत. "बिनमाहितीची काळजी मले जमत नाई," असं त्यांचं सरळ म्हणणं. हलका व्हायला आलेला माणूस कितीदा तरी जास्तच घाबरून जायचा. तरी लोक यायचे.

त्यांचं आणखी एक वाक्य होतं. "झाल्यावर रडाले येळ रायत नाई. आधीच रडून घ्याव."

आणि याच बाई जंगलाला काडीचं भीत नव्हत्या. लसींचा डबा डोक्यावर धरून त्यांनी पुराचे नाले ओलांडलेले. एकदा पायवाटेवर अस्वल समोर आलं होतं. मी डोळे विस्फारून विचारलं, "मग?" तर म्हणाल्या, "मंग काय? ते आपल्या कामाले जाऊन राह्यलं होतं, मी माह्या." त्यांना भीती वाटायची ती लिफ्टची, सरकत्या जिन्याची आणि जिथं माणसं पैसे भरून ओरडायला जातात अशा सगळ्या जागांची. असं का, याचं कारण मी बरेच दिवस शोधत होते. त्यांच्या आयुष्यात काही मोठं घडलं असेल, असं वाटायचं. चंद्रपूरला त्यांचा भाऊ राहायचा. तो एकदा आला तेव्हा त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "काई नाई. लहानपणापासून तशीच आहे ते."

आमची मिनू दीड वर्षांची असताना तिला पहिल्यांदा झटका आला. साधा ताप होता. मी दूध गरम करत होते आणि मागं वळून बघते तो पोरीचे डोळे वर गेलेले, हातपाय ताठ, ओठ निळसर. मी किंचाळले. माझा आवाज ऐकून शेजारची एक बाई कांदा फोडून घेऊन आली हुंगवायला, दुसरी दातखीळ उघडायला चमचा घेऊन आली. बाई त्या दोघींच्या मागून आल्या आणि त्यांनी आधी तो चमचा हिसकावून अंगणात भिरकावला. मिनूला कुशीवर वळवलं, गळ्याचं बटण सोडलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "घड्याळ पाहा."

त्यानं पाहिलं नाही. तो भिंतीला टेकून रडत होता.

नंतर गडचिरोलीच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. काही मुलांना तापात असा झटका येतो, पाच-सहा वर्षांनंतर बहुतेक येत नाही, त्यानं मेंदूला काही होत नाही. फक्त पाच मिनिटांच्या वर गेला तर लगेच दवाखाना गाठायचा. ऐकताना सगळं पटलं. पण घरी आल्यापासून माझा हात तिच्या कपाळावरून निघेना. शाळेत फळ्यावर पाढे लिहितानासुद्धा तळव्याला तिचं कपाळ जाणवायचं. काही महिन्यांनी दुसरा झटका आला. थोडकाच होता, पण त्यानंतर मी तिला कुठं नेईचना. लग्न नाही, बारसं नाही, माहेरी वर्ध्यालाही नाही.

बाईंनी तिला एक पेर देऊन टाकलं होतं. अंगठ्याशेजारच्या बोटाचं मधलं. "तिथी हात आधी जाते," असं त्यांनी मला सांगितलं होतं.

थीम पार्कची कल्पना नवऱ्याची. मिनू पावणेतीन वर्षांची झाली होती आणि दिवाळीच्या सुट्ट्या लागणार होत्या. हैदराबादजवळ एक मोठं पार्क आहे, झुले, कारंजी, छोट्यांची रेल्वे, असं त्याला ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं. त्यानं मला न विचारता तिकिटं काढली आणि मोबाइल माझ्यासमोर धरला.

"तिला काही झालं तर?" मी म्हणाले.

"तिला इथंही काही होऊ शकतं. आपण घाबरून किती दिवस घरात बसायचं? ती मोठी होईपर्यंत? तिला तर आठवणारही नाही की आपण तिला कुठं नेलं नाही. पण मला आठवेल."

त्याच्या आवाजात असं काही होतं की मी वाद घातला नाही. मी बाईंकडे गेले. खरं सांगायचं तर त्या 'नोको जाऊ' म्हणतील, म्हणूनच गेले.

त्यांनी आधी सगळं बघायला मागितलं. मी मोबाइलवर त्या पार्कचा व्हिडिओ लावला. उंच पाळणा वर गेला, उलटा झाला, माणसं किंचाळत खाली आली. बाईंनी मोबाइल हातात घेतला आणि पुन्हा बघितला.

"हे लोक काऊन ओरडून राह्यले?"

"मजा येते म्हणून."

"मजेले कोणी 'आई, आई' करते का?"

तोवर नवरा आला. त्यानं समजावलं की मिनूला त्यात बसायचं नाहीच, तेवढी उंची नसली की बसूच देत नाहीत.

"मंग कायच्यात बसन ते?"

"छोटी रेल्वे आहे ना बाई. गोल फिरते."

"किती येळ?"

"असेल तीन-चार मिनिटं."

बाईंनी मोबाइलवरून नजर उचलली. "तीन मिनिटाच्या रेल्वेत बसाले तुमी खऱ्या रेल्वेनं इतक्या दूर जाऊन राह्यले?"

त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, झालं, आता त्या नको म्हणणार. पण बाईंनी त्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मोबाइल परत दिला. "जा," त्या म्हणाल्या. "पण सगळं पाठ करून जा."

मग आमच्या तालमी सुरू झाल्या. बाईंचा कागदावर भरवसा नव्हता. करून बघितल्याशिवाय त्या काही खरं मानत नसत. अंगणात विटा मांडून त्यांनी रांग केली आणि मिनूला रांगेत उभं केलं. दोन मिनिटांत ती विटेवर बसून माती खायला लागली. "हे पाहा," बाई म्हणाल्या, "तिथी अर्धा तास उभं राहा लागन." बाजाराच्या दिवशी गर्दीत न्यायचं ठरलं. नवऱ्याच्या खांद्यावर मिनू, मागं मी आणि माझ्या मागं छत्री घेऊन बाई. सुकी मासळी आणि वांग्यांच्या ढिगांमधून आम्ही तिघं एका पोरीला जपत चाललो होतो. लोक थांबून बघायचे. एकानं विचारलं, "बाई, कोणाची वरात आहे?" बाई म्हणाल्या, "बोलू नोको. आमी हैदराबादले आहो."

वडशापर्यंत बस, तिथून पॅसेंजर, बल्लारशाला गाडी बदलायची, तिथल्या पुलाच्या पायऱ्या किती, पिशवी कोण घेईल, पोर कोण घेईल, सगळं त्यांनी वदवून घेतलं. मिनूच्या प्रत्येक फ्रॉकच्या आत कापडाचा तुकडा शिवून त्यावर आमचा नंबर लिहिला. त्याच्या खाली त्यांचा स्वतःचा.

पण मुख्य तालीम झटक्याची होती. मिनूचा जुना फ्रॉक घातलेली उशी त्यांनी आणली. दिवसात कधीही, आम्ही जेवत असू, भांडत असू, त्या दारात येऊन "झटका!" म्हणायच्या. की नवऱ्यानं हातातलं टाकून उशी जमिनीवर कुशीवर ठेवायची, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, घड्याळ बघायचं आणि मोठ्यानं सेकंद मोजायचे. एकदा तो ऑफिसातून आला आणि डोक्यावरचं हेल्मेट काढायच्या आत त्याला गुडघ्यावर बसावं लागलं. आधी तो चिडायचा, मग हसायचा, मग निमूट करायला लागला. मीही करायचे, पण माझा हात दर वेळी घड्याळाऐवजी उशीच्या कपाळाकडे जायचा. बाई माझं मनगट धरून बाजूला करायच्या.

एके दिवशी मिनू आपणहून जमिनीवर आडवी झाली, कुशीवर वळली, डोळे मिटले आणि खिदळत म्हणाली, "झटका!"

मला ते पाहवलं नाही. मी तिला उचलून आत नेलं आणि बाहेर येऊन बाईंना म्हणाले, "बस झालं हे. खेळ झाला का हा?"

"खेळच होऊ दे पोरी," त्या म्हणाल्या. "भेव खेळात निंघून गेलं तर बरंच आहे ना?"

माझं गेलं नव्हतं. तिकिटं रद्द करावीत असं त्या आठवड्यात मी रोज ठरवत होते.

निघायच्या दिवशी बाई बसस्टँडवर आल्या. मिनूच्या गालाला हात लावला, मग मला बाजूला घेतलं. "आता तुमी करू नोका काळजी. मी करते. एका लेकराची दोघींनी केली तं कोणाचीच नीट होत नाई." मी मान हलवली. बस सुटली तेव्हा खिडकीतून बघितलं तर त्यांचा अंगठा बोटांवर होता.

प्रवास बरा झाला. पार्कच्या दारातच अस्वलाचा वेष घातलेला एक माणूस मिनूशी हात मिळवायला आला आणि ती माझ्या मानेला घट्ट बिलगून रडली. उंच झुल्यांकडे तिनं बघितलंच नाही. पण छोटी रेल्वे तिला मिळाली. पहिल्या फेरीत ती बाक घट्ट धरून गंभीर बसली होती, दुसऱ्या फेरीत हसली, तिसऱ्या फेरीत आम्हाला हात करायला लागली. नवरा कठड्यापाशी उभा राहून फोटो काढत होता. त्याला इतकं आनंदात मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. आणि मी काय करत होते? दर फेरीला तिचं कपाळ बघत होते. बाईंनी सांगितलं होतं तरी.

दुपारी जेवण झाल्यावर ते कपाळ गरम लागलं. ऊन लागलं असेल, असं नवरा म्हणाला. मी थर्मामीटर काढला. ताप होता. औषध पाजलं, सावलीतल्या हिरवळीवर बसलो आणि मी बाईंना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. बाई पहिल्या रिंगला फोन उचलणाऱ्या. तिसऱ्यांदाही उचलला नाही. मिनूचा ताप बाजूला राहिला आणि मला वाटलं, आता खरंच कुणी बघत नाहीये.

"बाई उचलत नाहीत," मी म्हणाले. आणि त्याच वेळी मिनूचं अंग माझ्या मांडीवर ताठ झालं.

मी काय केलं ते मला आठवत नाही. नवऱ्यानं केलं ते आठवतं. त्यानं तिला माझ्या मांडीवरून घेतलं, हिरवळीवर कुशीवर ठेवलं, फ्रॉकचं बटण सोडलं, घड्याळाचं मनगट डोळ्यांसमोर धरलं आणि मोठ्यानं मोजायला लागला. एक, दोन, तीन. माणसं जमली. एका बाईनं किल्ल्यांचा जुडगा मिनूच्या मुठीत द्यायला हात पुढं केला. त्यानं मोजणं न थांबवता दुसरा तळवा आडवा धरला. तिला मराठी कळत नव्हती, पण ती थांबली. साठ झाले. सत्तर. शंभर. एकशे दहाच्या आसपास मिनूचं अंग सैल पडलं आणि ती रडली. ते रडणं ऐकल्यावर मोजणारा माझा नवरा गवतावर बसला. घड्याळाचं मनगट त्यानं तेव्हा खाली घेतलं, त्याआधी नाही.

पार्कमधली नर्स धावत आली. जवळच्या दवाखान्यात तपासलं. घशाचा संसर्ग होता. संध्याकाळपर्यंत मिनू पाव खात होती आणि रेल्वे कुठं गेली म्हणून विचारत होती.

दिवेलागणीला बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज आनंदात होता. धान कापायला गेलेल्या एका बाईला शेताच्या बांधीतच कळा सुरू झाल्या होत्या. ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात नेत होते, पण बाईंच्या दारापर्यंत आल्यावर वेळच उरला नाही. बाईंच्या बाहेरच्या खोलीत, त्या लोखंडी पलंगावर मुलगी झाली. "गुलाबी पोट्टी आहे," बाई सांगत होत्या. "आत्ताच दोघींले दवाखान्यात पोचवून आली. फोन आतल्या खोलीत राह्यला. मिनू कशी आहे?"

मी सांगितलं. वेळही सांगितली.

मग अगदी बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "त्या दोन तासात मी तिची काळजीच केली नाई. इसरूनच गेली."

"बाई, ती बरी आहे. तुम्ही शिकवलंत म्हणून—"

फोन ठेवला गेला होता.

परत आलो तेव्हा सकाळी सातला ओट्यावर खुर्ची नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. लोक येऊन, दार लोटलेलं बघून परत जात होते. तिसऱ्या दिवशी मी आत गेले. बाई पलंगावर बसल्या होत्या.

"मी नर्स आहो," मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या. "तापानं झटका येते हे मले तुमच्याहून जास्त समजते. काळजीनं ताप थांबत नाई, हेबी समजते."

"मग?"

"मंग काई नाई. तुमी भरवशानं ठेवून गेल्या होत्या. मी हातातून सोडली."

"त्या वेळी तुमच्या हातात दुसऱ्याचं लेकरू होतं, बाई."

त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. मी नवऱ्यानं कसं मोजलं ते सांगितलं, किल्ल्यांच्या जुडग्याचं सांगितलं. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. "ते तर त्यानं केलं," एवढंच म्हणाल्या.

आम्ही तशाच बसलो होतो तेव्हा दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. त्या नव्या बाळाची आजी. दवाखान्यातून घरी आणल्यापासून पोरगी पिवळी दिसून राह्यली, दूधही ओढत नाही, असं घाबरत सांगत होती. बाई उठल्या. कधीपासून पिवळी? डोळे का तळवे? लघवी किती वेळा झाली? म्हातारीला सांगता येईना. बाईंनी कोपऱ्यातली छत्री उचलली, चपला घातल्या आणि तिच्यासोबत निघाल्या. दुपारी बाळाला दवाखान्यात दाखल केलं. दोन दिवसांत ते बरं होऊन घरी आलं.

बाळाला दाखल केलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी खुर्ची ओट्यावर होती. मी साडेसातची वाट बघून बाहेर गेले. बाई म्हणाल्या, "मिनूची मी करीन. पण तुमीबी करत जा. एकट्यावर ठेवू नोका."

पुढच्या वर्षी आमची बदली चंद्रपूरला झाली. मिनूला आणखी एकदाच झटका आला, तोही घरी. नवऱ्यानं मोजलं, मी कपडे सैल केले. मग तो प्रकार थांबला. बाईंचा फोन दर रविवारी यायचा. ताप आला का, खोकला आहे का, चंद्रपूरची धूळ बाधते का. हळूहळू मी उत्तरं तोंडपाठ दिल्यासारखी द्यायला लागले, आणि कधी कधी फोन उचलायचा राहून जायचा.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला तेव्हा आवाज थकलेला होता. गुडघे धरतात म्हणाल्या. सकाळी खुर्चीवरून उठायला कुणाला तरी हात द्यावा लागतो. मग विचारलं, "मिनू किती वर्षाची झाली?"

"सात पूर्ण झाली, बाई."

"डॉक्टर काय म्हणते?"

"आता नाही येणार म्हणतात. दाखवायला आणायचीही गरज नाही."

"हो. सहाच्या पुढं येत नाई सहसा." "मॅडम, मंग आता हिची काळजी मी सोडू का?"

हो म्हणायला हवं होतं. त्यांचं वय झालंय, गुडघे गेलेत, आणि खरंच काही कारण उरलेलं नाही. मिनू समोर बसून चित्रात पिवळा रंग भरत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि माझा हात तिच्या कपाळाकडे गेला.

"नका सोडू, बाई," मी म्हणाले. "अजून थोडे दिवस असू द्या."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या सावरून बसल्या असाव्यात.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग मले सांगा, शाळेची बस रस्त्याच्या कोणत्या बाजूले थांबते?"